नाव घातलेलं पिंप

नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात दुकानावर एक धडा होता. त्यातल्या बाईंनी छत्री विकत घेतलेली असते आणि ती उघडत नसते. मग त्या दुकानात जाऊन फार नम्रपणे सांगतात, की मला ही छत्री बदलून हवी आहे, ही घ्या पावती. दुकानदार आधी दिलगिरी व्यक्त करतो, मग दोन छत्र्या उघडून दाखवतो, आणि शेवटी दोघं एकमेकांना तुमचा दिवस चांगला जावो असं म्हणतात. खाली चौकटीत शब्द दिले होते. रिफंड, एक्स्चेंज, रिसीट, डिफेक्टिव्ह, गॅरंटी. आमच्या मिसनी ते संभाषण जोड्या लावून पाठ करून घेतलं. मी दुकानदार झाले, कारण दुकानदाराला वाक्यं कमी होती. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे कान गरम व्हायचे.

तरी बाईंची वाक्यंही मला पाठ झाली होती. दौंडमध्ये कुणाला ती कधी लागतील असं वाटलं नव्हतं. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि आमच्याकडे आणलेली वस्तू परत जात नसे. चप्पल चावली तर कापूस घालून घालायची, बादली गळली तर तिच्यात कांदे ठेवायचे. शिवाय घरात ‘परत’ हा शब्द काढायचीच चोरी होती. त्याला कारण आत्या.

आत्या पप्पांची मोठी बहीण. पप्पा तिला अक्का म्हणायचे. ती शिरूर तालुक्यात कवठे येमाईला राहायची. माझ्या ताईच्या लग्नात पप्पांनी तिला मानाची साडी केली होती. डाळिंबी रंगाची, चांगली भारीतली. आईनं हौसेनं घरी बसून तिला फॉल लावला, म्हणजे वन्संना नेसायला तयार. आता फॉल लावायचा म्हणजे साडी उलगडावी लागते, घडी मोडते. आईनं इस्त्री फिरवून पुन्हा घडी घातली, पण दुकानातली घडी ती दुकानातली. आत्यानं लग्नात हळदीकुंकवासकट साडी हातात घेतली, अंगठ्यानं घडीची कड चाचपली आणि साडी पिशवीत टाकली. चार दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पिशवी आली. आत साडी, आणि निरोप तोंडी : “घडी मोडल्याली साडी. कुणाच्या तरी आहेरातली फिरवली आसंल. भावाला म्हणावं, ठेव तुझ्याकडंच.”

फिरवणं, म्हणजे एकाकडून आलेला आहेर दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. आमच्याकडे त्याहून मोठा अपमान नाही, आणि तसं करत नाही असं घरही नाही. पण या वेळी पप्पांनी खरंच नवी घेतली होती. त्यामुळे ते जास्त दुखावले. “विचारलं सुद्धा नाही,” एवढंच म्हणाले. आईला वाटलं, आपण सांगायला जावं तर कबुलीजबाबासारखं दिसेल. आत्याला वाटलं असणार, हे गप्प आहेत म्हणजे खरंच आहे. दोन वर्षं कुणी कुणाशी बोललं नाही. साडी आईच्या कपाटात सगळ्यात खाली गेली.

मी अकरावीत होते तेव्हा आत्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका आली. पोस्टानं. पप्पांनी ती तीनदा वाचली, पाठीमागं काही लिहिलंय का तेही बघितलं. मग म्हणाले, “जायचं. आणि या वेळी अशी वस्तू न्यायची की तिला बोलायला जागा राहायला नको.”

वस्तू ठरली स्टीलचं पाण्याचं पिंप, वीस लिटरचं, खाली तोटी असलेलं. आईचं माहेर शिरूरकडचं, त्यामुळे तिच्या मते भांडी मिळतात ती शिरूरलाच. दौंडात मिळतं त्याला ती पत्रा म्हणायची. ती आणि पप्पा शिरूरला जाऊन पिंप घेऊन आले. पप्पांनी त्यावर मशीननं नाव घालून घेतलं होतं. वर ठळक आत्याचं नाव आणि गाव, खाली पप्पांचं, त्याखाली ‘सप्रेम भेट’. ते बोटानं अक्षरं पुसत म्हणाले, “आता म्हणावं तिला, फिरवलेलं आहे.”

आईनं पिंप चिंचेनं घासलं, तोटी काढून धुतली, पुन्हा बसवली आणि पाणी भरून ओट्यावर ठेवलं. तासाभरात ओटा ओला. फडक्यानं पुसला, परत ओला. तोटीच्या मुळाशी थेंब जमत होता, लोंबत होता आणि आम्ही तिघं बघत असताना पडत होता.

“झालं,” पप्पा म्हणाले. “आता ती म्हणेल, गळकं म्हणून आपल्या गळ्यात घातलं.”

वास्तुशांत तीन दिवसांवर होती. पप्पांची ड्यूटी बदलून मिळणार नव्हती, सुट्टी वास्तुशांतीलाच टाकलेली. राहिली आई. पण आईनं त्या दुकानात दोन तास घासाघीस करून वर दोन वाट्या फुकट घेतल्या होत्या. “आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? तो वाट्या मागेल,” ती म्हणाली. आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“मला नाही येणार,” मी म्हटलं.

“एवढं इंग्लिश मीडियमला घातलंय,” आई म्हणाली, “भांडं बदलून आणता येत नाही? दोन शब्द इंग्लिश टाक. दुकानदार बिचकतात.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघाले. पिंप जुन्या चादरीत बांधलेलं. चौफुल्याला गाडी बदलली. न्हावऱ्यावरून शिरूरला जाणाऱ्या गाडीत कंडक्टरनं गाठोड्यावर टिचकी मारून विचारलं, “ह्याचं फुल काढू का हाफ?” सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत वाक्यं पाठ करत राहिले. धड्यातली वाक्यं मराठीत करून घेतली होती. नमस्कार. मला ही वस्तू परत करायची आहे. ही सदोष आहे. ‘सदोष’ मी शब्दकोशात बघून घेतला होता.

शिरूरच्या पेठेत दुकान नुकतंच उघडलं होतं. शेठ गल्ल्यासमोर उदबत्ती ओवाळत होते. पायरीजवळच्या बाकावर एक आबा वर्तमानपत्र घेऊन बसलेले. गिऱ्हाईक नव्हते, त्यांची गाडी यायला वेळ होता आणि इथं पेपर फुकट होता. मी पिंप पायरीवर ठेवलं, चादर सोडली, नावाची बाजू स्वतःकडे फिरवून घेतली आणि उदबत्ती संपायच्या आत बोलून टाकलं, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

“नमस्कार. मला ही वस्तू परत करायची आहे.”

शेठचा उदबत्तीचा हात तसाच हवेत राहिला. “ताई, ताई, ताई! आजून बोहनी व्हायची हाय. सकाळच्या पारी हा शब्द काढतंय का कुणी?”

“सदोष आहे,” मी पुढचं वाक्य म्हणाले, कारण ते पुढचं होतं.

शेठनी हात जोडले. ते मला होते की देवाला, कळलं नाही.

आबांनी पेपर खाली घेतला. “पोरी, बस हितं. दिवसाचं पयलं गिऱ्हाईक कसं, नेणारं पायजे. आणणारं आलं की संपलं. मंग दिसभर माल माघारीच येत ऱ्हातोय. एक कुणीतरी काहीतरी घेऊ दे, मंग काढ तुझं.”

धड्यात हे नव्हतं. छत्रीवाल्या बाई थेट गेल्या होत्या. त्यांच्या दुकानाची बोहनी आधीच झालेली असणार. मी आबांच्या बाकाच्या टोकाला बसले आणि पिंपावर ओढणी टाकली.

पहिलं एक जोडपं आलं. त्यांनी कुकर उचलला, झाकण लावलं, काढलं, शिट्टी फुंकून बघितली. नवरा म्हणाला, “बगून सांगतो,” आणि दोघं गेली. शेठनी माझ्याकडे बघितलं. मग एक बाई आल्या. त्यांनी परात, पातेली, पोळपाट, सगळ्याचे भाव विचारले आणि म्हणाल्या, “आमच्या जावेनं कितीला घेतली ते बगत व्हते.” शेठनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यानं पायरीवर पाय ठेवला तेव्हा शेठ उठून उभे राहिले. त्यानं पंचायत समिती कुठं आहे ते विचारलं.

“ताई,” शेठ अगदी हळू म्हणाले, “ते पिंप जरा आत घेता का? गिऱ्हाईक बुजतंय.”

“तिच्यामुळं न्हाय,” आबा म्हणाले, “तुझं तोंड बगून बुजतंय. हास जरा.”

शेठ हसले. ते आणखी वाईट दिसलं.

तासभर झाला. माझी चौफुल्याची परतीची गाडी मनात पुढे पुढे सरकत होती. शेवटी मी उठले आणि तारेला टांगलेली चहाची गाळणी काढून शेठच्या पुढे धरली.

“ही द्या.”

शेठ गाळणीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आबांनी मांडीवर थाप मारली. “आरं तिच्या! हुशार हाय पोरगी. घे, झाली तुझी बोहनी!”

शेठनी माझी नोट दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, गल्ल्याला टेकवली. गाळणी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मऊ आवाजात म्हणाले, “हां. आता बोला ताई. काय सेवा?”

मी दोन्ही वाक्यं पुन्हा म्हटली. या वेळी बरी आली.

“पावती?”

ती मी अभिमानानं काढली. धड्यात पावतीनंच सगळं जुळून येतं. शेठनी ती उलटी करून माझ्यासमोर धरली. “हितं काय लिवलंय, वाचा.”

मी वाचलं. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.”

“वाचता येतंय की,” शेठ म्हणाले. मग त्यांनी ओढणी बाजूला सारून पिंप फिरवलं आणि कपाळाला हात लावला. “आन् ह्याच्यावर नाव बी घातलंय. मीच घातलंय. आता हे इकू कुणाला? ह्या नावाची दुसरी बाई धुंडत फिरू का शिरूरभर?”

मला त्यांचं म्हणणं पटलं. माझा हा मोठा दोष आहे. समोरच्याचं मला लगेच पटतं. मी पाय बघत उभी राहिले. शेठना दया आली असावी.

“एक करता यील,” ते म्हणाले. “मोडीत घेतो. वर जरा भर घाला आन् नवं न्या.”

मोड म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आमच्या क्वार्टरमध्ये जुनी भांडी आई भांडीवालीला द्यायची, तेव्हा मी अभ्यासाचं निमित्त करून आत असायचे. मला फक्त ‘नवं न्या’ ऐकू आलं. वाटलं, हेच ते, एक्स्चेंज. आणि काय ते विचारायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा मी मान हलवली.

शेठनी पिंप काट्यावर ठेवलं, वजन बघितलं, उतरवलं, आडवं केलं. कोपऱ्यात पोत्यांतून चपटी झालेली पातेली, तांबे, डबे भरून ठेवले होते. ते मी आल्यापासून बघत होते आणि ते काय असेल याचा विचार करत नव्हते. शेठनी पाटाखालून हातोडा काढला. मग सवयीनं, ठेचायच्या आधी आत्याचं आणि पप्पांचं नाव वाचलं. मोठ्यानं, गावासकट.

आबांचा पेपर खाली आला. “काय नाव म्हणला?”

शेठनी पुन्हा वाचलं.

“आरं ही तर आमच्या आळीची! परवा वास्तुशांत हाय तिची. मी चाललोय की जेवाया! आन् तिला भावानं केलेलं भांडं मोडीत?”

तेवढ्यात हातोडा पडला. पिंप देवळातल्या घंटेसारखं वाजलं, आणि मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, भर पेठेत. काय ओरडायचं ते ठरवायला वेळ नव्हता. जे पाठ होतं ते आलं.

“एक्स्क्यूज मी! आय वुड लाइक टू एक्स्चेंज धिस अम्ब्रेला!”

समोरच्या कापडवाल्यानं मान बाहेर काढली. शेठचा हातोडा वर तसाच. आबांनी बाकाखाली वाकून बघितलं.

“छत्री कुठं हाय?” ते म्हणाले.

मग मी बोलले. कसं ते मला आजही सांगता येणार नाही, पण बोलले. हे माझ्या आत्याचं आहे, ती आमच्याशी बोलत नाही, हे गळतंय, हे गेलं नाही तर पप्पा जाणार नाहीत, मोड म्हणजे हे असतं मला माहीत नव्हतं. श्वास घ्यायला थांबले तेव्हा लक्षात आलं, की समोर साक्षात आत्याच्या आळीतलं माणूस बसलंय आणि मी त्याला सगळं घरचं सांगून टाकलंय. कोपऱ्यावर हॉर्न वाजला. कवठ्याची गाडी.

“आबा,” मी म्हटलं, “आत्याला सांगू नका.”

“छ्या छ्या,” आबा टोपी नीट करत उठले. “मी कशाला वाईट सांगतोय? चांगलंच सांगतो!” आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं ते गेले. चालताना त्यांचे खांदे हलत होते.

शेठ पिंपाजवळ उकिडवे बसले. नावाच्या शेजारी चिंचोक्याएवढा पोचा आला होता. ते त्यावर अंगठा फिरवत म्हणाले, “तुमीच मान हलवली, ताई.” मी पुन्हा मान हलवली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आत हात घालून तोटी चाचपली. थांबले. तोटी फिरवून काढली आणि माझ्यापुढं धरली.

“वायसर कुठाय?”

“काय?”

“वायसर. काळं रबर. गोल. ह्याच्यामागं आसतंय. त्येच्याबिगर गळंल न्हाईतर काय हुईल?”

मला ते रबर दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. आईनं तोटी धुताना काढलं होतं, बघितलं होतं, “हे पॅकिंगचं दिसतंय,” म्हणाली होती, आणि आमच्याकडे काहीच टाकत नसल्यामुळे ते लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बसवून टाकलं होतं. तेव्हापासून बरणीतून तेल गळायचं थांबलं होतं. आईनं मला ते कौतुकानं दाखवलंही होतं.

हे मी शेठना सांगितलं नाही. शेठनी डब्यातून नवं वायसर काढलं, बसवलं, बाहेरच्या रांजणातलं पाणी ओतलं. आम्ही दोघं बघत बसलो. एक थेंबही आला नाही. निघताना त्यांनी एक चमचा वर दिला, पोच्याबद्दल. वाट्यांचा विषय निघाला नाही.

घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, “वायसर नव्हतं.” आईनं बरणीकडे बघितलं, मग मला चहा करायला गेली. नव्या गाळणीतून गाळला. पोच्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, “एस.टी.त लागलं.” आबांबद्दल काहीच सांगितलं नाही. पप्पा दोन दिवस खुशीत होते. शर्टाला इस्त्री केली, पिंप स्वतः सुती फडक्यानं पुसलं. मी त्यांना बघायचे. इकडे हे नाव पुसतायत आणि तिकडे कवठ्याला सगळ्यांना माहीत, की भावानं बहिणीचं नाव मोडीत काढायला पाठवलं होतं. साडी तरी कंडक्टरच्या हाती आली होती. हे पिंप आत्या आमच्यासमोर, भरल्या मांडवात परत देणार.

निघायच्या सकाळी आई पिंपात काहीतरी ठेवत होती. “रिकामं भांडं देऊ नये,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मला वाटलं गहू असतील. मी वाकून बघितलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डाळिंबी साडी होती. तीच. मी आईकडे बघितलं, आईनं झाकण लावलं. आमच्या घरात मी एकटीच गप्प बसणारी आहे असं मला तोवर वाटत होतं.

कवठ्याला मांडव भरलेला होता. पहिल्याच रांगेत आबा. त्यांनी मला बघून हात वर केला आणि शेजारच्याच्या कानाला लागले. शेजारच्यानं पिंपाकडे बघितलं. मग त्याच्या शेजारच्यानं.

आत्या दारात आली. आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, सगळं रीतीप्रमाणे. पण बोलली ती चौकटीशी. “ह्यांना म्हणावं, बसा. ह्यांना म्हणावं, च्या घ्या.”

“म्हणावं, घेतो,” पप्पाही चौकटीलाच म्हणाले.

पप्पांनी पिंप पुढे केलं. आत्यानं हात लावला नाही. सगळा मांडव बघत होता. पंगतीची भांडी लावणारी माणसंसुद्धा थांबली.

“आयकलं मी,” आत्या म्हणाली. “मोडीत निगाली व्हते म्हणं मी. शिरूरच्या पेठंत. हातोड्यानं.”

पप्पांना यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यांनी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. मी खांबाकडे बघितलं.

“आणा की घागर,” आत्या मोठ्यानं म्हणाली. “गळतंय का न्हाय बगू दे सगळ्या गावाला.” तिनं झाकण उचललं आणि आत बघितलं. मग हात घालून पुडकं काढलं, कागद फाडला. डाळिंबी काठ बाहेर आला. आता मांडवात आबासुद्धा हलत नव्हते.

“ही तीच,” आत्या म्हणाली.

“तीच,” आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबली नाही. “वन्सं, खालची कड बघा तरी. फॉल लावलाय मी. त्यासाठी मोडली होती घडी. कुणाची फिरवलेली नाही ती.”

आत्यानं साडी उलटी केली. फॉलवरून बोट फिरवत गेली. वीतभर, हातभर. आईचे टाके सरळ येत नाहीत. एक लहान, एक मोठा, मध्येच एक वाकडा. ते टाके आमच्या सगळ्या नात्यात ओळखू येतात.

“हा तुज्या हातचा टाका हाय व्हय?”

“माझ्याच.”

“आगं मग फॉल लावलाय म्हणून सांगायचं न्हाई का? दोन वर्सं!”

“आणि तुला विचारता आलं नाही का, अक्का?” पप्पा एकदम म्हणाले. चौकटीला नाही, तिला. “साडी कंडक्टरच्या हाती देता आली, आणि विचारता नाही आलं?”

“मी का विचारू? मी थोरली हाय!”

“थोरली आहेस म्हणूनच!”

मग ते दोघं अर्धा तास भांडले. साडीवरून सुरू झालं ते ताईच्या लग्नातल्या पंगतीवर गेलं, तिथून लहानपणी विहिरीत पडलेल्या एका चपलेवर. गुरुजींनी दोनदा मुहूर्ताची आठवण केली. आत्या डोळे पुसत होती आणि आवाज चढलेलाच होता. आई पदर तोंडाला लावून उभी. आबा आजूबाजूच्यांना सांगत होते, “माज्यामुळं हाय बरं का हे. मी चांगलंच सांगितलं व्हतं.”

मध्येच कुणीतरी पिंपात घागर ओतली आणि तोटीखाली पाट ठेवला. येणारा जाणारा प्रत्येक जण वाकून पाट कोरडा आहे का ते बघून पुढे जात होता. तो कोरडाच होता. आत्यानं स्वतः बोटानं तपासलं, मग तिचं बोट नावापाशी गेलं आणि पोच्यावर थांबलं.

“आन् हे?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान गरम झाले.

“मी मान हलवली म्हणून,” मी म्हटलं.

आत्यानं मला जवळ ओढलं आणि कानशिलावर बोटं मोडली. मग पिंप उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि फळीवर ठेवलं. पोचा भिंतीकडे नाही, समोर, येणाऱ्याला दिसेल असा. तिथून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

पंगत बसायच्या आधी ती बाहेर आली. डाळिंबी साडी नेसून. पप्पा पानं वाढायला वाकले होते, ते सरळ झाले. ती त्यांच्यासमोर थांबली, काठ जरा पुढे ओढून उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

“रंग काय मला आवडला न्हाई,” ती म्हणाली, “पण आता घडी मोडली.”